जुन्या शक्तिमान ट्रकच्या हौद्यात चढायला शिडी आणि कठडा कसा बसवावा?

नाशिकजवळ मळ्यावर उभ्या केलेल्या शक्तिमान या जुन्या लष्करी ट्रकच्या हौद्यात पाहुण्यांना, त्यातही वयस्क माणसांना आणि साडी नेसलेल्या बायकांना चढता यावं म्हणून शिडी हवी आहे. हौद्याची तळाची फळी जमिनीपासून १२५० मि.मी. उंच आहे आणि वेल्डर म्हणतोय की शिडी थेट चासीलाच (ट्रकच्या खालच्या पोलादी सांगाड्याला) वेल्ड करू. करावी का, हा तुमचा प्रश्न.

नका करू. वेल्डच्या उष्णतेने चासीच्या पोलादाचा गुण तेवढ्या जागी बदलतो आणि पुढे तडा तिथूनच सुटतो. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. या गाड्या खडकाळ रस्त्यासाठी बनलेल्या, त्यामुळे चासी पिळली जाते आणि हौदा व केबिन आपापले वेगळे हलतात. शिडी किंवा कठडा यातल्या दोन भागांना एकत्र बांधत असेल, तर सांधा कितीही जाड भरा, तुटतोच. सगळं एकट्या हौद्यालाच बसवा, आणि तेही बोल्टने.

शक्तिमान १९९६ पर्यंत जबलपूरला बनत होता, पण आज मिळतात त्या गाड्यांचे हौदे अनेकदा बदललेले असतात. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचं माप घेऊ नका. सगळ्या चाकांत हवा भरा, गाडी सपाट जागी उभी करा आणि फळीपासून ओळंबा सोडून उंची पुन्हा मोजा. फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं उघडणारं दार, लोंबकळत ठेवला तर तो शिडीच्या आड येतो, त्याच्या बिजागऱ्यांच्या पिना काढून तो बाजूलाच ठेवा. फाळक्यावर शिडीचा भार तर मुळीच नको.

१२५० चे पाच समान टप्पे केले की प्रत्येकी २५० मि.मी. होतात, म्हणजे चार पायऱ्या आणि पाचवं पाऊल फळीवर. टप्पे समान हवेतच. एक जरी २० मि.मी. कमी-जास्त झाला तर उतरताना पाय चुकतो. शिडीचा कोन जमिनीशी ६५ अंश ठेवा. तिचा पाया हौद्याच्या कडेपासून ५८० मि.मी. बाहेर येतो आणि बाजूची दांडी साधारण १३८० मि.मी. भरते. दांड्यांना ६० × ४० × ३ चा चौकोनी पाईप घ्या. पायरीला ३ मि.मी. चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा, पाय न घसरणारा पत्रा), रुंदी ५००, खोली १५०, पुढची आणि मागची कड ३० मि.मी. खाली दुमडलेली. दुमड नसेल तर प्लेट मधोमध खाली वाकते. पाणी जायला प्रत्येक पायरीत १० मि.मी.ची चार भोकं पाडा.

शिडी हौद्याला अडकवायची कशी, इथे बहुतेक जण चुकतात. साधा हूक करतात आणि पाय जमिनीवर टेकवतात. दहा-बारा माणसं वर चढली की पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि टायर दबतात, हौदा खाली येतो, शिडी मात्र जागच्या जागी राहते. मग हूक बैठकीतून उचलला जातो आणि शिडी मोकळी होते. त्यापेक्षा हौद्याच्या शेवटच्या आडव्या बेअररला (फळीखालच्या तुळईला) ५० × ८ च्या पट्टीचे दोन कान एम १२ च्या ८.८ ग्रेड बोल्टने आणि नायलॉक नटने (आत नायलॉनचं कडं असलेल्या, सैल न होणाऱ्या) बसवा. शिडीच्या वरच्या टोकाला १४ × ४० मि.मी.चं उभं, लांबट भोक ठेवा आणि त्यातून १२ मि.मी.ची पिन घाला. आता वजन जमिनीवर, आणि कान शिडीला फक्त जागेवर धरतो. पिन सुरुवातीला भोकाच्या वरच्या बाजूला यायला हवी, तरच हौदा दबल्यावर तिला खाली सरकायला जागा राहते. शिडीच्या पायांना १५० × १५० × ६ ची प्लेट लावा. पावसाळ्यात काळ्या मातीत तीही रुतते, तेव्हा खाली फरशी टाका.

ही पिन आणि गाडीच्या स्विचची किल्ली एकाच साखळीत अडकवा. शिडी काढल्याशिवाय किल्ली हातात येणार नाही.

कठड्याला २५ एन.बी. (पाईपचं नाममात्र आतलं माप), बी क्लास म्हणजे मध्यम जाडीचा, काळा म्हणजे जस्ताचा थर नसलेला पाईप पुरेसा. बाहेरून तो सुमारे ३३.७ मि.मी. असतो आणि मुठीत नीट बसतो. शिडीवर त्याची उंची पायरीच्या पुढच्या कडेपासून सरळ वर ९०० मि.मी. ठेवा. हौद्यावरचा कठडा वेगळा, फळीपासून १००० मि.मी. उंच. तिथे एकटा उभा दांडा लावू नका. पाऊणशे किलोचा माणूस वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूने झुकला तर हा पाईप वाकतो. शिडीच्या दोन्ही बाजूंना एकेक उलटा यू करा, दोन पायांत ६०० मि.मी. अंतर ठेवून. यूचे पाय ३२ एन.बी. पाईपच्या १५० मि.मी. लांब सॉकेटमध्ये घाला. आत सुमारे २ मि.मी. मोकळीक राहते, तिचा खडखडाट एम १० बोल्टने आवळून थांबतो. सॉकेटखाली ६ मि.मी. प्लेट आणि फळीच्या खालूनही तशीच प्लेट हवी, नाहीतर बोल्ट लाकडात रुततात. ताडपत्रीच्या कमानींच्या खाचा मात्र या कामाला वापरू नका, त्या माणसाचा भार धरायला केलेल्या नसतात. शिडीचा आणि हौद्याचा कठडा यांत ८० ते १०० मि.मी. फट ठेवा. हौदा दबताना तिथे बोटं चिरडतात.

पाईप वाकवायला नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या फॅब्रिकेटरकडे हायड्रॉलिक बेंडर मिळेल. तापवून वाकवणार असाल तर आत भरायची वाळू पूर्ण कोरडी हवी. ओल्या वाळूची वाफ होऊन बूच उडतं आणि समोरच्याला लागतं. गॅल्व्हनाइज्ड पाईप वेल्ड केला तर जस्ताचा धूर छातीत जातो, म्हणून काळाच घ्या. वेल्डिंग गाडीपासून दूर, जमिनीवर करा. आधी टाके मारा, गुण्या लावून तपासा, मगच पूर्ण गोल वेल्ड. उघडी तोंडं बंद करा आणि सगळ्यात खाली ६ मि.मी.चं एक भोक ठेवा. ते नसेल तर त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसात पाईप आतून कुजतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत चांगला दिसत राहतो.

रंगाचं एक. खाजगी वाहनाला ऑलिव्ह ग्रीन लावता येत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम १२१ पाहा. आणि ही शिडी उभ्या गाडीसाठी आहे. हौद्यात माणसं बसवून रस्त्यावर फिरवू नका.

पाहुणे चढवण्याआधी मधल्या एका पायरीवर सिमेंटच्या ५० किलोच्या पाच गोण्या दहा मिनिटं ठेवा. गोण्या उतरवल्यावर पायरीवर सरळ पट्टी धरा. खाली फट दिसली तर ती पायरी जाड प्लेटची करून घ्या.