टेक्ससमधलं स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे काय, आणि ते मुलांना व गावाला काय देतं?

प्रश्न असा आहे: "टेक्ससमध्ये आधी स्कूल डिस्ट्रिक्ट बघा, मग घर बघा असं सगळे सांगतात. हे डिस्ट्रिक्ट म्हणजे नेमकं काय? ते मुलांना पुढच्या आयुष्यासाठी कसं तयार करतं आणि आसपासच्या लोकांना त्याचा काय उपयोग? मुलगा आठवीत आहे, येत्या जूनमध्ये आम्ही ह्यूस्टनला येतोय."

मी मूळची कराडची. सतरा वर्षं ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहते. दोन्ही मुलं इथल्या सरकारी शाळांत शिकली. गेली अकरा वर्षं मी स्वतः एका डिस्ट्रिक्टमध्ये काम करते, आधी बदली शिक्षिका म्हणून आणि आता विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गात मदतनीस म्हणून. त्यामुळे आई म्हणून जे पाहिलं आणि कामावर जे पाहते, ते दोन्ही सांगते.

डिस्ट्रिक्ट म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे जिल्हा येतो. तसं इथे नाही. ठरलेल्या हद्दीतल्या सरकारी शाळा चालवणारी ही वेगळी स्थानिक संस्था. टेक्ससमध्ये अशी हजाराहून जास्त डिस्ट्रिक्ट आहेत, आणि ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) आहे त्या एका काउंटीतच वीसहून जास्त. त्यांच्या हद्दी शहराच्या हद्दीशी जुळतीलच असं नाही. पत्त्यावर ह्यूस्टन लिहिलेलं असतं आणि शाळा भलत्याच डिस्ट्रिक्टची निघते. घर भाड्याने घेताना एजंटच्या तोंडच्या शब्दावर विसंबू नका, डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर पत्ता टाकून स्वतः खात्री करा.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. त्यांचा पगार राज्य सरकारकडून यायचा, पुस्तकं पुण्याहून यायची, आणि गावकऱ्यांच्या हातात फार तर शाळेला रंग देणं किंवा वर्गणी काढून वर्गखोली बांधणं एवढंच असायचं. इथे अभ्यासक्रम राज्यच ठरवतं, पण डिस्ट्रिक्ट स्वतःचा कर वसूल करतं. त्याचा कारभार निवडून आलेल्या विश्वस्तांच्या हातात असतो. बहुतेक ठिकाणी हे सात जण असतात आणि या कामाचा त्यांना एक डॉलरही पगार मिळत नाही. डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी, म्हणजे सुपरिंटेंडंट, तेच नेमतात. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, त्यामुळे घरपट्टी जबर असते, आणि तिच्या बिलात सगळ्यात मोठा आकडा बहुधा शाळेचाच असतो. ज्यांना मूलबाळ नाही तेही तो भरतात. पासष्टीनंतर राहत्या घरावरचा शाळेचा कर गोठवतात. म्हणून इथला माणूस शाळेकडे "माझ्या पैशाची शाळा" म्हणून बघतो. मुलं कधीच मोठी झालेले शेजारीपाजारीसुद्धा नवीन इमारतीच्या कर्जरोख्यांवर मत द्यायला जातात, आणि न पटलं तर विरोधात मत देतात.

याच पद्धतीची काळी बाजूही तुम्हाला माहीत असावी, कारण "चांगलं डिस्ट्रिक्ट बघा" या सल्ल्यामागे तीच आहे. घरं महाग तर कर जास्त, कर जास्त तर शाळा श्रीमंत. सॅन अँटोनियोमध्ये एजवुड नावाचं गरीब, मेक्सिकन वस्तीचं डिस्ट्रिक्ट आहे. मे १९६८ मध्ये तिथली मुलं मोडक्या शाळांना कंटाळून वर्गाबाहेर पडली. पुढे डेमेट्रिओ रॉड्रिग्ज या हवाई तळावर पत्र्याचं काम करणाऱ्या वडिलांनी इतर पालकांबरोबर खटला भरला. कोर्टासमोर आलेले आकडे असे होते: एजवुडचे लोक मालमत्तेच्या किमतीच्या दर १०० डॉलरमागे १.०५ डॉलर कर भरत होते आणि त्यांच्या मुलामागे वर्षाला ३५६ डॉलर खर्च होत होते. त्याच शहरातल्या अलामो हाइट्समध्ये कर होता ८५ सेंट आणि खर्च ५९४ डॉलर. जास्त दराने कर भरूनही गरिबाच्या मुलाला कमी मिळत होतं. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हा खटला फेटाळला. एजवुडने मग राज्याच्या कोर्टात लढा दिला आणि १९८९ मध्ये तो जिंकला. त्यातून १९९३ चा कायदा आला. श्रीमंत डिस्ट्रिक्टचे पैसे काढून इतरांकडे वळवतो म्हणून लोक त्याला 'रॉबिन हूड' म्हणतात. दरी बुजली असं मी म्हणणार नाही. दोन डिस्ट्रिक्टच्या शाळांमधून एकाच दिवशी फिरलात तर ती दिसते.

आता तुमच्या मुलाचं. तो थेट नववीत येणार, आणि इथलं हायस्कूल नववीलाच सुरू होतं. या वेळेला फार महत्त्व आहे. २०१३ च्या कायद्यानुसार नववीत शिरतानाच मुलाला पाचांपैकी एक दिशा निवडावी लागते: विज्ञान-तंत्रज्ञान-गणित, व्यवसाय आणि उद्योग, लोकसेवा, कला आणि मानव्यविद्या, किंवा बहुशाखीय. नंतर ती बदलता येते, तेव्हा घाबरू नका. आपले लोक डोळे मिटून पहिल्यावर खूण करतात. तुम्ही मात्र 'उद्योग' या नावाखाली काय काय येतं ते एकदा शाळेत जाऊन बघा. वेल्डिंगची खरी कार्यशाळा असते, वाहनदुरुस्तीचे रॅम्प असतात. दुसरीकडे नर्सिंग सहायक आणि पशुवैद्यकीय सहायकाचे वर्ग चालतात. बारावी संपताना मुलाच्या हातात हायस्कूलच्या डिप्लोमाबरोबर कामाचं प्रमाणपत्र असू शकतं. शेजारच्या कम्युनिटी कॉलेजचे विषय हायस्कूलमध्येच घेऊन कॉलेजचे क्रेडिट जमवता येतात. गरीब घरच्या मुलांसाठी २०२३ पासून सहभागी कॉलेजांत हे विनाशुल्क करायची सोयही राज्याने केली आहे.

आमच्या मुलीने नववीत शेतीचा विषय घेतला आणि बकरा पाळला! मी आधी चिडलेच होते. डिस्ट्रिक्टचा स्वतःचा गोठा आहे. लांबलचक पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना लोखंडी कप्पे, प्रत्येकावर मुलाचं नाव. ती रोज पहाटे साडेपाचला मला उठवायची. बर्फासारख्या गार पाण्याने बादली धुवायची, खाद्य मोजून घालायचं, वजन वहीत टिपायचं, मग गळ्यात साखळी घालून त्याला मैदानात चालवायचं, आणि तिथून अंगाला बकऱ्याचा वास घेऊन शाळेत. कराडहून सासूबाई व्हिडिओवर सूचना द्यायच्या. पोट फुगलं तर ओवा दे म्हणायच्या. मुलगी ते शेतीच्या शिक्षकांना जाऊन सांगायची आणि तेही नीट ऐकून घ्यायचे. वर्षाच्या शेवटी डिस्ट्रिक्टचं पशुप्रदर्शन आणि लिलाव झाला. तिथे बोली लावायला येतात ते गावातलेच: टायरवाला, दातांचा डॉक्टर, किराणा दुकानाचा मालक. बाजारभावाच्या कितीतरी पट भाव देतात, कारण तो पैसा मुलांच्या कॉलेजच्या खात्यात जातो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. बकरा गेला तेव्हा पोर गाडीत तासभर रडली. आता कॉलेजला आहे आणि पहिल्या वर्षीची पुस्तकं त्याच पैशातून आली.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना उशिरा कळते. १९९७ पासून टेक्ससचा कायदा आहे की हायस्कूलमधल्या वरच्या १० टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठाचा आकडा त्याहून कमी आहे. काही वर्षं तो ६ होता, २०२६ च्या प्रवेशांपासून ५ झाला. हे टक्के प्रत्येक शाळेचे वेगळे मोजतात. म्हणजे नामांकित शाळेत, जिथे निम्मी मुलं रात्री बारापर्यंत अभ्यास करतात, तिथे पहिल्या पाच टक्क्यांत येणं महाकठीण, आणि दूरच्या छोट्या गावातल्या हुशार मुलीला तोच दरवाजा सताड उघडा. मला हा कायदा मनापासून आवडतो, पण घर निवडताना हा हिशोबही करा. सगळ्यात वरच्या क्रमांकाचं डिस्ट्रिक्ट हे तुमच्या मुलासाठी सगळ्यात चांगलं असेलच असं नाही.

धाकट्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. तीन वर्षांचा झाला तरी जेमतेम दहा शब्द बोलायचा. डिस्ट्रिक्टला फोन केला तर उत्तर आलं, घरी दोन भाषा आहेत, म्हणून उशीर होतोय, वाट बघा. आम्ही सहा महिने वाट बघितली. ते सहा महिने मला अजून टोचतात. मग शेजारच्या एका नर्सने सांगितलं, फोन करू नकोस, लिहून दे. लेखी मागणी आली की शाळेला पंधरा शालेय दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि तुमची संमती मिळाल्यावर पंचेचाळीस शालेय दिवसांत तपासणी पुरी करावी लागते. १९७५ च्या संघराज्याच्या कायद्याने हा मुलाचा हक्क आहे, फुकट आहे, आणि वयाच्या तिसऱ्या वर्षापासून आहे. पत्र दिल्यावर चक्रं फिरली. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की घरातलं मराठी अजिबात बंद करू नका. चित्रांचे पत्ते माझ्याकडे देऊन त्या म्हणाल्या, हेच शब्द संध्याकाळी तुमच्या भाषेत घ्या. तो 'छत्री' हा शब्द आधी मराठीत बोलला. काही वर्षांनी, २०१६ मध्ये, 'ह्यूस्टन क्रॉनिकल'ने उघडकीला आणलं की राज्याने २००४ पासून विशेष शिक्षणातल्या मुलांचं प्रमाण साडेआठ टक्क्यांवर राहावं असं लक्ष्य ठेवलं होतं. देशाची सरासरी तेव्हा १३ टक्क्यांच्या आसपास होती. ते लक्ष्य २०१७ मध्ये रद्द झालं. बातमी वाचली आणि मला मिळालेलं "वाट बघा" आठवलं. तुमच्या किंवा तुमच्या ओळखीतल्या कुणाच्या मुलाला अडचण असेल तर एवढं लक्षात ठेवा: जे मागायचं ते लिहून, तारीख घालून.

गावाला काय मिळतं, याचं सगळ्यात मोठं उत्तर जेवण हे आहे. शाळेतल्या जेवणाचा राष्ट्रीय कायदा १९४६ चा आहे. इथली न्याहारी आणि दुपारचं जेवण उत्पन्नाप्रमाणे मोफत किंवा स्वस्त मिळतं, आणि जिथे गरिबी जास्त तिथे सगळ्यांनाच मोफत. आमच्या शाळेत शुक्रवारी दुपारी ह्यूस्टन फूड बँकेच्या पिशव्या येतात. ओटची पाकिटं, शिजवलेल्या घेवड्याचे डबे, शेंगदाण्याचं लोणी, टिकाऊ दूध. मुलं मैदानात असताना आम्ही त्या दप्तरात ठेवतो, चेन लावतो, म्हणजे कुणाच्या दप्तरात काय गेलं ते वर्गाला कळत नाही. सोमवारी एक पोरगा न्याहारीला दोनदा रांगेत उभा राहिला तर त्याला काही विचारायचं नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं.

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळ आलं तेव्हा आमच्या भागात छातीएवढं पाणी होतं. जवळच्या हायस्कूलच्या जिममध्ये लोकांनी रात्री काढल्या. स्वयंपाकघरातल्या बायका स्वतःची घरं पाण्यात असताना तिथे अंडी शिजवत होत्या. पिवळ्या बस माणसं आणत होत्या. त्या वर्षी ह्यूस्टन आयएसडीने (ह्यूस्टनच्या स्कूल डिस्ट्रिक्टने) सगळ्या मुलांना वर्षभर जेवण मोफत दिलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हाही जेवणाची पाकिटं गाडीच्या खिडकीतून मिळत होती, आणि रांगेत नोकरी गेलेले आपले मराठी लोकही होते.

प्रवेशाच्या वेळी तुम्हाला व्हिसा दाखवावा लागणार नाही. १९७५ मध्ये टेक्ससने कागदपत्रं नसलेल्या मुलांना शाळा नाकारायची मुभा दिली होती. टायलर गावच्या डिस्ट्रिक्टने त्यांच्याकडून वर्षाला १००० डॉलर मागितले, आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. लागतात ते राहत्या पत्त्याचे पुरावे (भाडेकरार, विजेचं बिल), जन्मदाखला किंवा पासपोर्ट, जुनी गुणपत्रकं आणि लसींचं कार्ड. लसींवरच बरेच जण अडकतात. हिपॅटायटिस ए, कांजिण्या आणि मेनिंजायटिसच्या लशी इथे लागतात, आणि आपल्याकडे त्या अनेकदा राहून गेलेल्या असतात. निघण्यापूर्वी तिकडेच घ्या, तारखेसह डॉक्टरांचा शिक्का घ्या. शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होते, पण विषयांची निवड आधीच्या हिवाळ्यात झालेली असते. म्हणून पोचल्या आठवड्यातच शाळेच्या समुपदेशकाची वेळ मागा, आणि सातवी-आठवीच्या गणितात काय काय शिकवलं त्याची यादी बरोबर न्या. नाहीतर मुलाला येतंय तेच बीजगणित परत वर्षभर बसून करावं लागतं. आमच्या मुलीच्या एका मैत्रिणीचं तसंच झालं.