पहिली शिडाची होडी घेताय?

26 फुटीचा मोह आधी सोडा. ट्रेलरवरून नेऊन दोन-तीन आठवडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात भटकायचं, तर दोघांना 22 फूट पुरतात. जुनी कॅटालिना 22 शोधा, वर उचलता येणाऱ्या कीलची (कील म्हणजे तळाखालचं जड पातं). 1969 पासूनचं मॉडेल, सुटे भाग अजून मिळतात. कील वर घेतली की दोन फूट पाण्यातही चालते.

नवखे फसतात ते वजनात. होडी साधारण 2,250 पौंडांची. ट्रेलर, मोटर, पाणी, सामान धरलं की साडेतीन हजारांच्या आसपास. तुमची गाडी तेवढं ओढते का?

बघायला जाल तेव्हा:

- डेकवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. आवाज बद्द आला तर आतलं प्लायवूड भिजलंय. स्वस्त असली तरी नको.
- कील उचलायची तार आणि कीलचा मुख्य बोल्ट.
- ट्रेलरचे बेअरिंग. मी बघितले नव्हते. पहिल्याच फेरीत हायवेवर चाकातून धूर!

शिडं जुनी असली तरी पहिलं वर्ष निघतं. सोलर वगैरे नंतर. तिसरा हिस्सा पैसे दुरुस्तीला ठेवा. आणि सौद्याआधी आत आडवे होऊन बघा, पाय पुरतात का ते.