सेकंडहँड निटिंग मशीन घेतलंय पण हात लावायची भीती वाटते, कुठून सुरुवात करू?

प्रश्न असा होता: "मी इंग्लंडमधे राहते, हातावर स्वेटर वगैरे बऱ्यापैकी विणते. एका आजींकडून जुनं ब्रदर केएच-८८१ घेतलं. कॅरेज (विणताना सुयांवरून इकडून तिकडे सरकवतो तो भाग) मधेच अडकतं, टाके धडाधड सुटतात, आता पुन्हा लावायचीच भीती वाटते. मशीन खराब आहे की मलाच जमत नाहीये?"

उत्तर:

ताई, बहुतेक दोन्ही नाही. तुमचं मशीन खराब नाहीये, ते नुसतं वर्षानुवर्षं पेटीत पडून होतं. ब्रदरने घरगुती निटिंग मशीन बनवणं नव्वदच्या दशकाअखेर बंद केलं, म्हणजे आज हातात येणारं कुठलंही ब्रदर किमान पंचविशी ओलांडलेलं असतं आणि ८८१ तर त्याहूनही जुनं मॉडेल आहे. त्यात लोखंड शाबूत राहतं पण दोन गोष्टी हमखास मरतात, एक स्पंज आणि दुसरं तेल. ह्या दोन्ही जागेवर आणल्याशिवाय विणायला बसलं की आपण स्वतःलाच दोष देत बसतो, आणि भीती तिथूनच येते.

आधी स्पंज बार बघा. सुयांच्या पट्ट्यावर, म्हणजे बेडवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांब पत्र्याची पट्टी आत सरकवलेली असते, तिच्या खालच्या अंगाला फोम असतो आणि तो सगळ्या २०० सुया खाली दाबून धरतो. हा फोम काळाबरोबर चपटा होतो, कधी काळा चिकट चिखल होतो. मग सुया वर उचलल्या जातात, कॅरेज त्यांच्यावर आदळतं आणि अडकतं. तुमची तक्रार वाचून पहिला संशय मला ह्याचाच आला. तपासायचं सोपं आहे, एक सुई थोडी पुढे ओढा आणि बोटाने वर उचलून बघा, ती काहीच विरोध न करता वर आली तर स्पंज गेला म्हणून समजा.

बदलायचा कसा? सगळ्या सुया ए पोझिशनला, म्हणजे अगदी मागे, ढकला, पट्टीचं एक टोक बोथट काहीतरी लावून आत ढकला, दुसरीकडून बाहेर डोकावलं की पकडीने धरून हळूहळू ओढा. सगळा जुना फोम आणि गोंद खरवडून काढा. नवीन बार तयार मिळतो, तुमच्या मॉडेलचा आहे ना एवढं बघून घ्या. परत घालताना फोमची बाजू खाली, म्हणजे सुयांकडे, आणि बार जसा आत जाईल तसतशा पुढच्या सुया बोटांनी दाबत जायचं, नाहीतर तो सुयांच्या खालून जायला बघतो. घाई करू नका इथे.

बार बाहेर आहे तोवर सुयाही काढून घ्या, कारण ही संधी परत लवकर येत नाही. झाकणाच्या बरणीत सर्जिकल स्पिरिट घालून रात्रभर भिजवा (खिडकी उघडी ठेवा आणि गॅसच्या आसपास अजिबात नको). मग एकेक सुई पुसून उजेडात धरा. टोकाला हुक आणि त्याच्यामागे हलणारी छोटी जीभ दिसेल, तिला लॅच म्हणतात. ती नखाने हलवली की मोकळी उघडली मिटली पाहिजे आणि मिटल्यावर हुकवर बरोबर मधोमध बसली पाहिजे. जी अडते, तिरकी बसते किंवा जिचा हुक किंचितसा जरी वाकलाय ती बाजूला काढा. प्रत्येक वेळी त्याच एका जागचा टाका सुटत असेल तर दोष त्या सुईचाच. नवीन सुया सुट्या मिळतात, फक्त ब्रदरला ब्रदरच्याच घ्या, सिल्व्हर रीड ह्या दुसऱ्या कंपनीच्या चालत नाहीत.

ह्या लॅचवाल्या सुईचं पेटंट १८४०च्या दशकाअखेर लेस्टरच्या मॅथ्यू टाऊनसेंडने घेतलं होतं, आणि मोज्यांचं पहिलं विणयंत्र विल्यम ली ह्यांनी १५८९ मधे नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टनमधे केलं असं सांगतात. तुम्ही ज्या देशात राहताय तिथलीच ही वस्तू आहे, त्यामुळे मशीन निटिंगचे क्लब तिथे अजून चालू आहेत. एखादा जवळपास सापडला तर जरूर जा, जुनी मशीन वापरलेल्या बायका आवाज ऐकून सांगतात काय बिघडलंय ते.

आता कॅरेज. ते उलटं करून बघा, जुनं तेल पिवळं घट्ट झालेलं दिसेल. स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने ते काढा, मग शिवणयंत्राचं पातळ तेल अगदी थेंबभर. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं कुठलंच तेल नको, आपल्याकडे करकरणाऱ्या बिजागरीपासून सगळ्याला खोबरेल लावायची सवय असते पण ते काही दिवसांनी घट्ट होतं आणि पुन्हा तेच दुखणं. टेन्शनचा (टाका किती सैल-घट्ट ते ठरवणारा) डायल किंवा एखादं बटण हलत नसेल तर जोर लावू नका, तेल मुरू द्या, दुसऱ्या दिवशी बघा. आणि कॅरेजच्या पुढे जो हात स्क्रूने बसवलेला असतो, सिंकर प्लेट, त्याच्या खाली छोटे गोल ब्रश आणि रबरी चाकं असतात, त्यांच्या आसाला हमखास जुन्या लोकरीचे धागे गुंडाळलेले सापडतात. ते चिमट्याने काढा. ब्रश फिरले नाहीत की टाके सुटतातच.

इतकं झालं की विणायला बसा. पण स्वेटर नको, नमुनाही नको, पंच कार्डाला (नमुन्यासाठीचं भोकांचं कार्ड) तर अजून हातच लावू नका. मधल्या ४० सुया घ्या, गुळगुळीत फिक्या रंगाची ४-प्लाय लोकर (गडद रंगात टाके दिसत नाहीत), टेन्शन ७ किंवा ८. हातविणीची डबल निटिंग लोकर ह्या ४.५ मिमीच्या (दोन सुयांमधलं अंतर) बेडला जाडच पडते, तिथेही बरेच जण फसतात. लोकर विकत आणलेल्या गोळ्यातून थेट लावू नका, वाइंडरवर (लोकर गुंडाळायचं छोटं यंत्र) सैल गुंडाळून घ्या म्हणजे ती न हिसकता सुटते. मास्टवरची (धागा ज्यातून वरून खाली येतो ती उभी दांडी) तार किंचित वाकलेली राहिली पाहिजे, आणि ओळ संपली की ढिला राहिलेला धागा तिने वर खेचून घेतला पाहिजे. कडेला लोंबते फासे येतात ते बहुतेक ह्याच्यामुळे, किंवा कॅरेज शेवटच्या सुईच्या फारच पुढे नेल्यामुळे. शेवटची सुई विणून झाली, कॅरेज तिच्यापासून सुटलं, की थांबायचं. विणीला वजनं लटकवा आणि वीण खाली सरकली की ती वर घेत जा.

आणि मशीनसमोर विणीची उलट बाजू तुमच्याकडे असते हे डोक्यात ठेवा. हातावर विणणाऱ्याला पहिल्यांदा तेच विचित्र वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ह्या ४० टाक्यांवर मुद्दाम चुका करा. खरंच सांगतेय. एक टाका सुईवरून काढून सोडून द्या, आठ-दहा ओळी खाली उसवू द्या, मग लॅच टूल त्याच्या खालून घालून क्रोशासारखं एकेक शिडी वर विणत आणा आणि सुईवर चढवा. मग कडेचा टाका पाडा, तो अवघड असतो. मग शेजारशेजारचे दोन. एक अख्खी ओळ उलटी उसवून बघा. मग कॅरेज ओळीच्या मधोमध थांबवा आणि ते सोडवायचा सराव करा: धागा सैल करायचा, सिंकर प्लेटचे स्क्रू काढून ती बाजूला करायची, पुढे आलेल्या सुया जागेवर न्यायच्या, मग कॅरेज उचलायचं. उचलायची नेमकी पद्धत मॅन्युअलमधे आहे आणि जुन्या मॅन्युअलच्या पीडीएफ फुकट मिळतात, ते पान प्रिंट करून भिंतीला चिकटवा. भीती अडकण्याची नसते, अडकल्यावर काय करायचं ते माहीत नसण्याची असते, त्यामुळे विणायच्या आधी सोडवायला शिका, मी शिकवताना हाच क्रम ठेवते आणि लोकांचे खांदे सैल पडताना दिसतात.

पहिली खरी वस्तू टोपी करा. मफलर नको, सुलट वीण कडेने गुंडाळी होते आणि मन खट्टू होतं. वेगळ्या रंगाच्या टाकाऊ लोकरीने सुरुवात करून १० ओळी, मग ११० ते १२० सुयांवर खरी लोकर, साधारण २०० ओळी सरळ, मग पुन्हा टाकाऊ लोकरीच्या १० ओळी आणि काढून घ्या. दोन्ही टोकांच्या टाक्यांतून धागा ओवून घट्ट आवळायचा, टाकाऊ लोकर उसवायची, बाजूची शिवण घालायची आणि एक टोक दुसऱ्यात ढकलायचं, दुहेरी टोपी तयार. टाके घालायची आणि बंद करायची कटकटच नाही, आणि मनासारखी आली नाही तर उसवून लोकर परत वापरता येते.

पंच कार्ड नंतर. २४ टाक्यांचा नमुना असतो त्याचा, आणि ब्रदरमधे कार्डावर समोर दिसणारी ओळ ही मशीन वाचतं ती ओळ नसते, वाचली जाणारी सात ओळी खाली असते, एवढं आत्ताच लिहून ठेवा म्हणजे तेव्हा गोंधळ व्हायचा नाही. ह्या मशीनला वीज लागत नाही, त्यामुळे पुढेमागे भारतात आणलंत तरी व्होल्टेजचा प्रश्न नाही, आणि पुण्या-मुंबईच्या हवेला बारीक सुती धागाही ह्यावर छान विणला जातो. फक्त सूत ताणत नाही म्हणून टेन्शन जरा सैल आणि धाग्याला मेण लावून.

स्पंज बदलूनही कॅरेज अडत असेल तर सुया, कॅरेजचा तळ आणि मास्टवर धागा कसा ओवलाय ह्यांचे फोटो टाका इथेच, बघून सांगते.