सासूबाईंच्या पाटल्या मोडून हिरा घ्यावा का?

साताऱ्याच्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘मी ४७ वर्षांचा, खासगी नोकरीत. पत्नी गृहिणी. मुलगी नववीत आहे, चार वर्षांनी इंजिनीअरिंगला जाईल. महिन्याला १५ हजार शिल्लक राहतात. लॉकरमध्ये पत्नीला तिच्या आईकडून मिळालेलं ८ तोळे सोनं, पाटल्या आणि मोहनमाळ, नुसतं पडून आहे. सोनं सध्या फार चढलंय आणि हिरे उतरलेत, म्हणून सोनं मोडून एक सुटा हिरा घेऊन ठेवावा असा विचार आहे. सोनार मोडीचे ९ लाख देतो. मेहुण्याच्या ओळखीच्या दलालाने दोन हिरे दाखवलेत. दोन्ही गोल, १.५१ कॅरेट, रंग जी, शुद्धता व्हीएस-वन. आयजीआय सर्टिफिकेटचा ७ लाख ८० हजारांना, जीआयएचा ९ लाखांना. तो म्हणतो, सात वर्षांत दुप्पट होईल, आणि सर्टिफिकेट असल्यामुळे कधीही विकता येईल, कर्जही मिळेल. २५ हजार इसार दिलाय, शनिवारी नक्की करायचंय. पत्नीला बोललो नाही, लग्नाच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय. कोणत्या सर्टिफिकेटचा घेऊ?’

सर्टिफिकेटचं उत्तर देतोच. पण तुमच्या पत्रातल्या ‘पत्नीला बोललो नाही’ या तीन शब्दांवर मी थांबलोय, आणि आधी तेच.

ते सोनं तुमचं नाही. आईने लेकीला दिलेल्या पाटल्या हे स्त्रीधन आहे. त्यावर नवऱ्याचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येही पुन्हा स्पष्ट सांगितलंय. अडचणीत वापरलं तर ते परत करायची जबाबदारी नवऱ्यावर राहते. तुमच्या घरात हे प्रकरण कोर्टात जाणार नाही, हे मलाही कळतं. पण आईच्या हातातल्या पाटल्या वितळल्याचं वाढदिवसाच्या दिवशी समजणं, याला आनंदाची बातमी कसं म्हणायचं? सरप्राइज स्वतःच्या पैशातून द्यावं.

दुसरी गोष्ट कराची, जी दलालाने सांगितलेली नसणार. दागिना मोडला की भांडवली नफा होतो. सोनं वारशाने किंवा भेट म्हणून आलेलं असलं तरी होतो, आणि मोडून दुसरा दागिना घेतला तरी होतो. सासूबाईंचं सोनं २००१ च्या आधीचं असेल, तर १ एप्रिल २००१ ची किंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते. तेव्हा तोळा चार हजारांच्या आसपास होता, म्हणजे ८ तोळ्यांचे ३५ हजार धरा. ९ लाखांतले साडेआठ लाखांहून जास्त नफाच. पत्नीला दुसरं काहीच उत्पन्न नाही असं धरलं, तर नव्या करप्रणालीतले करमुक्त चार लाख वजा जातात. उरलेल्यावर साडेबारा टक्के आणि सेस मिळून ६० हजार. हा कर त्यांच्या नावावर लागेल, विवरणपत्रही त्यांनाच भरावं लागेल. मग गुपित राहणार कसं? हातात उरले ८ लाख ४० हजार. ९ लाखांचा हिरा दीड टक्का जीएसटी धरून पडतो ९ लाख १३ हजारांना. म्हणजे पहिल्याच दिवशी पाऊण लाख खिशातून.

आता ‘नुसतं पडून आहे’ याबद्दल. घरात रात्री कुणाला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी बँकेत त्या पाटल्यांवर तासा-दोन तासांत कर्ज मिळतं. हे सोन्याचं काम आहे आणि ते लॉकरमध्ये बसून चोख होतं. हिऱ्यावर ती बँक एक रुपया देणार नाही. खड्यांचा दागिना तारण ठेवायला नेलात, तर मूल्यांकन करणारा खड्यांचं वजन वजा करूनच सोनं मोजतो. सर्टिफिकेट कोणाचंही असो. ‘कर्जही मिळेल’ हे दलालाने साफ खोटं सांगितलंय, आणि ते ऐकून मला राग आला.

विकायचं म्हटलं तर काय होतं, तेही पाहिलेलं सांगतो. माझ्या एका क्लायंट बाईंनी काही वर्षांपूर्वी ४ लाखांना एक सुटा हिरा घेतला होता, सर्टिफिकेट नामांकित प्रयोगशाळेचं. मुलाच्या फीसाठी विकायला निघाल्या तेव्हा मी बरोबर गेलो. पहिल्या दुकानात त्या गृहस्थांनी पांढऱ्या कागदाची घडी उलगडली, चिमट्याने हिरा उचलला, डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिला आणि पुन्हा घडी घातली. “दगड चांगला आहे. गिऱ्हाईक आलं की कळवतो.” जिथून घेतला त्या दुकानात ‘बदली करा, रोख नाही’. तिसऱ्या ठिकाणी १ लाख ९० हजार. त्याच पिशवीत बाईंची एक जुनी सोन्याची साखळी होती. ती तिथेच तोलली, कस पाहिला, दहा मिनिटांत भाव हातात.

हा फरक हिऱ्याच्या धंद्यातच आहे. सोन्याचा भाव रोज पेपरात येतो, घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला तोच दिसतो. हिऱ्याला असा एक भाव नाही. व्यापारी रॅपापोर्ट या कंपनीची हिऱ्यांच्या भावांची यादी समोर ठेवतात, ती डॉलरमध्ये असते आणि प्रत्यक्ष सौदे बहुतेक वेळा तिच्या बरेच खाली होतात. त्या खालच्या भावात तुम्हाला कोणी माल देत नाही. तुम्ही किरकोळ भावाने घेता आणि विकताना घाऊक भावाच्याही खाली उतरता.

दुप्पटीचा हिशोब करू. ९ लाखांच्या हिऱ्याचे आज परत विकून ५ लाख आले तरी नशीब म्हणा. तिथून सात वर्षं दरवर्षी जवळजवळ ९ टक्के वाढ झाली, तर तुमचे मूळचे ९ लाख परत मिळतील. १८ लाख हवे असतील तर दरवर्षी २० टक्के. आणि हे कोणत्या मालात? २०२२ नंतर नैसर्गिक हिऱ्यांचे भाव पडलेत, कारण प्रयोगशाळेत तयार झालेला हिरा किमतीच्या अगदी थोड्या भागात मिळतो आणि नुसत्या डोळ्यांना वेगळा ओळखू येत नाही. ‘उतरलेत म्हणजे चढणारच’ असं समजायला काही आधार नाही.

आता सर्टिफिकेट. हाती मिळणाऱ्या कागदाला जीआयए स्वतः ‘ग्रेडिंग रिपोर्ट’ म्हणते. हा हिरा कसा आहे याबद्दलचं ते मत आहे. त्यावर किंमत नसते आणि हमीही नसते. रंग नमुन्याच्या हिऱ्यांशेजारी ठेवून ठरवतात, शुद्धता दहापट भिंगाखाली. माणसं पाहून ठरवतात, म्हणून एका प्रयोगशाळेचा ‘जी’ दुसरीकडे ‘एच’ होऊ शकतो. जीआयए १९३१ सालची अमेरिकन संस्था, डी ते झेड ही रंगांची श्रेणी तिचीच. आयजीआय १९७५ मध्ये अँटवर्पला सुरू झाली. दोघींच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत, दोन्हींचे कागद बाजारात चालतात. पण कागदावर तेच शब्द असले तरी नैसर्गिक हिऱ्यात जीआयएचा माल महाग जातो, कारण त्यांची प्रतवारी जास्त कडक असल्याचं व्यापारी धरून चालतात. तुमच्या दोन हिऱ्यांतला १ लाख २० हजारांचा फरक मुख्यतः तोच आहे. ७ लाख ८० हजारांचा हिरा स्वस्तात मिळतोय असं समजू नका. प्रतवारीच्या ढिलाईचं टोक पाहायचं तर ईजीएल नावाच्या प्रयोगशाळांचं पाहा. त्या नावाच्या कागदांवरचे हिरे २०१४ मध्ये रॅपापोर्टने आपल्या ऑनलाइन व्यापारी जाळ्यावरून काढूनच टाकले.

शिवाय १.५१ हे वजन पाहा. यादीत दीड कॅरेटला भावाचा टप्पा बदलतो. १.४८ चा हिरा बोटावर तेवढाच दिसतो आणि प्रति कॅरेट स्वस्त पडतो. गोल हिऱ्याची चमक खरी ठरते ती कापावरून, म्हणजे पैलू कसे पाडलेत त्यावरून. तुमच्या पत्रात रंग आहे, शुद्धता आहे, वजन आहे, पण कापाची प्रत नाही. फ्लुओरेसन्सही नाही, म्हणजे अतिनील प्रकाशात हिरा किती चमकतो ते. तो जोरदार असला तर भाव खाली येतो. ९ लाखांच्या वस्तूबद्दल एवढी माहिती तरी विचारायला हवी होती.

आणि नुसता कागद पाहू नका. हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला क्रमांक भिंगातून वाचा आणि तो प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. तेवढ्यावरही थांबू नका. खऱ्या नैसर्गिक हिऱ्याच्या रिपोर्टचा क्रमांक प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्यावर कोरलेला, असे प्रकार जीआयएने स्वतः उघडकीला आणलेत. म्हणून मिलिमीटरमधली मापं आणि वजन दुसऱ्या सराफाकडून तपासून घ्या, रिपोर्टवर दोषांचा नकाशा असेल तर तोही ताडून पाहा. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरांचा क्रमांक सक्तीचा आहे. सुट्या हिऱ्याला असं कुठलंही सरकारी संरक्षण नाही.

हे सगळं हौसेने घालायच्या हिऱ्यासाठी लिहिलंय. हौस असेल तर जरूर घ्या, ३०-४० सेंटचा (म्हणजे ०.३० ते ०.४० कॅरेट), कापाने उत्तम, तुमच्या बचतीतून, आणि तो पैसा खर्च झाला असं धरून. तुमच्या पत्रातला हिरा मात्र मुलीच्या फीच्या जागी बसवलाय. तिथे महिन्याचे १५ हजार आवर्ती ठेवीत टाका. चार वर्षांत मुद्दल ७ लाख २० हजार, व्याज धरून ८ लाखांच्या थोडं वर. पहिल्या दोन वर्षांची फी निघेल, पुढे कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज आहे. आणि त्याही पलीकडे सोनं आहेच, पण ते कधी आणि किती काढायचं हे वहिनी ठरवतील.

इसाराचे २५ हजार राहिले. शनिवारची वाट पाहू नका. उद्याच दलालाला मेसेज करा की व्यवहार करायचा नाही, पैसे परत करा. लेखी असू द्या. पावती घेतली नसेल, तर पैसे पाठवल्याची बँकेची नोंद जपून ठेवा. तो अडून बसला, इसार बुडाला असं म्हणाला, तरी त्या २५ हजारांसाठी ९ लाखांचा हिरा घेऊ नका. आणि मेसेज पाठवण्याआधी आज रात्री जेवण झाल्यावर हे पत्र आणि हे उत्तर वहिनींना वाचून दाखवा.