भाषा तिकडे गेल्यावर आपोआप येते का?

तुम्ही लिहिले आहे की जळगावच्या रुग्णालयातील नोकरी सांभाळून जर्मनची बी १ ही मधल्या पातळीची परीक्षा झाली, तिच्या वरची बी २ राहिली आहे, आणि पुढची भाषा ‘तिकडे गेल्यावर आपोआप येते’ असे एजंट सांगतो. ते खरे मानावे का, आणि सात वर्षांच्या मुलाला मागाहून नेले तर त्याचे कसे होईल, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. व्हिसा, पदवीची मान्यता आणि पगार यांची माहिती अधिकृत ठिकाणी मिळते, म्हणून ती मी देत नाही. मी मूळची अमळनेरची, जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे, आणि खरे सांगायचे तर उत्तर लिहायला बसले ती तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे.

आपोआप काही येत नाही. कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग १९६५ मध्ये क्युबेक प्रांतात सुरू झाला. अशा शाळांतील मुलांविषयी भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये जे लिहिले ते मला फार पटते. कित्येक वर्षे फ्रेंच कानांवर पडूनही त्या मुलांना समजत असे उत्तम, पण बोलण्यातले आणि लिहिण्यातले व्याकरण कच्चे राहिले होते. समजून घेताना अंदाजाने भागते. वाक्य स्वतः जुळवायला घेतले म्हणजे आपले कोठे अडते ते कळते. वॉर्डमध्येही तसेच आहे. आजींनी पाणी मागितले की ग्लास पुढे करायला भाषा लागत नाही, परंतु ड्युटी संपताना आजींनी दुपारची गोळी का नाकारली, डॉक्टरांना केव्हा कळवले आणि त्यांनी काय बदल सांगितला, हे हँडओव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवताना, न अडखळता सांगावे लागते, आणि तेव्हा समोरच्या पाच जणी घड्याळाकडे पाहत असतात.

म्हणून आजपासून एक करा. ड्युटीवरून घरी आल्यावर त्या दिवशीच्या एका रुग्णाची माहिती, नाव न घेता, फोनच्या रेकॉर्डरवर जर्मनमध्ये सांगा. मग ते ऐका, जिथे थांबलात ती जागा लिहून ठेवा आणि तेवढेच घेऊन शिक्षिकेकडे जा. क्लासचा खरा उपयोग तो आहे. नियम पुस्तकातही असतात. अ‍ॅप शब्दांसाठी ठीक आहे. मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते की पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते आणि नंतर सावकाश, त्यामुळे तोच शब्द एका बैठकीत घोकण्यापेक्षा उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने, यादीकडे न पाहता आठवून पाहावा. नाम नेहमी त्याच्या लिंगासह पाठ करा, कारण मराठीप्रमाणे तिथेही तीन लिंगे असली तरी ती आपल्याशी जुळत नाहीत. उलट गौण वाक्याच्या शेवटी क्रियापद ठेवणे इंग्रजीभाषकांना जड जाते, आपल्याला जात नाही. ऐकण्यासाठी बातम्यांवर तुटून पडू नका. जिथे बहुतेक शब्द ओळखीचे आहेत आणि थोडेच नवे आहेत असे काही निवडा, नाहीतर तो नुसता गलका होतो.

इथले वृद्ध रुग्ण मात्र पुस्तकी जर्मन बोलत नाहीत, श्वेबिश ही इकडची बोली बोलतात, आणि कवळी काढलेली असली तर विचारूच नका. याचे दडपण आपल्याला येऊ नये असे मला वाटते. घरी अहिराणी बोलणारे खान्देशातले मूल शाळेत प्रमाण मराठी शिकलेले असते. एक भाषा घरची आणि एक वहीतली, हा अनुभव आपल्या गाठीशी आहे.

एकटेपणाविषयीही सांगते. तो असतो, आणि रविवारी दुकाने बंद असतात तेव्हा जास्त असतो.

कागदपत्रांनी मला जेवढी जर्मन शिकवली तेवढी कोणी शिकवली नसेल. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात, मुलीच्या दाखल्यावर वडिलांचे नाव मधे. या तिन्ही कागदांवरची माणसे एकाच घरातली आहेत हे खिडकीपलीकडच्या बाईंना पटवताना मी जेवढी गौण वाक्ये रचली तेवढी परीक्षेतही रचली नव्हती. इतके करून प्रमाणित भाषांतर पुन्हा आणायला सांगितले ते सांगितलेच.

आता मुलाचे. माझी मुलगी इथे आली ती दुसरीत, आणि वर्षभरात अंगणात इतकी सफाईने बोलू लागली की शेजारी कौतुक करत. बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या शाळा वेगळ्या होतात आणि कोणी कोठे जावे याची शिफारस शिक्षक करतात. तिची शिफारस विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिमनाझियुमची झाली नाही, कारण गणितातली शाब्दिक उदाहरणे तिला सुटत नव्हती. तोच भागाकार नुसता आकड्यांत मांडून दिला की ती चुटकीसरशी करत असे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी खेळण्याबोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा हा फरक १९७९ मध्येच मांडला आहे. पहिली साधारण २ वर्षांत येते, दुसरीत समवयस्कांच्या बरोबरीला यायला ५ ते ७ वर्षे लागतात. हे मला तेव्हा ठाऊक होते, पण शिक्षिका समोर बसून घरी जर्मनच बोला असे सांगत होत्या, आणि दहा रुग्णांचा हँडओव्हर एका दमात देणारी मी तिथे गप्प राहिले, कारण वाद घालण्याची जर्मन माझ्याकडे नव्हती. नवऱ्याच्या मते शिफारस योग्यच होती. असेलही. मला अजून ते पटवून घेता आलेले नाही.

घरी आम्ही जर्मन सुरू केली नाही. आजी फोनवर ‘जेवनी का व माय?’ म्हणते तेव्हा मुलीला उत्तर अहिराणीतून देता येत नाही, मराठीतून ती देते, आणि तेवढ्यावर दोघींचे चालते.

तुमच्या मुलाला मागाहून आणायचेच असेल तर चौथी तोंडावर येईपर्यंत थांबू नका. भागाकार म्हणजे काय हे मराठीत पक्के झालेल्या मुलाला जर्मनमध्ये फक्त त्याची भाषा शिकायची उरते, म्हणून त्याची बालभारतीची गणिताची आणि परिसर अभ्यासाची पुस्तके बॅगेत आधी ठेवा. वजन जास्त भरले तर कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ काढा. ते पुढे येणाऱ्या कोणाबरोबर तरी मागवता येते.