९९ टक्के अचूक कॅमेरा?

प्रश्न : आमच्या संस्थेत दारावर चेहरा ओळखणारा कॅमेरा बसवायचं घाटतंय. यादीतला नकोसा माणूस आला की इशारा मिळेल. विक्रेता ९९ टक्के अचूकतेची हमी देतो. तरी शंका घ्यावी का?

उत्तर : जरूर घ्यावी. ९९ टक्के कशाचे, हे आधी विचारा. फोन उघडताना एक चेहरा एकाच चेहऱ्याशी ताडला जातो. दारावर मात्र प्रत्येक चेहरा अख्ख्या यादीशी ताडला जातो, आणि यादी लांबली की चुकाही वाढतात.

आता हिशोब करा. दिवसाला १०,००० माणसं आली, त्यांत यादीतली १०. चुकीच्या इशाऱ्याचं प्रमाण १ टक्का धरलं तरी सुमारे १०० निर्दोष माणसं अडवली जाणार. यादीतले दहाही पकडले गेले, तरी ११० इशाऱ्यांपैकी १०० खोटे, म्हणजे ११ पैकी १०! जुळणीची मर्यादा, म्हणजे किती साम्य दिसलं की इशारा द्यायचा ते, कडक केली, तर खोटे इशारे घटतात. पण यादीतले लोकही निसटतात. विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत.

शिवाय चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०१९ च्या चाचणीत अनेक प्रणालींमध्ये चुकीच्या जुळणीचं प्रमाण वंशगटांनुसार १० ते १०० पट बदललं.

म्हणून पैसे मोजण्याआधी दोन आठवडे तुमच्याच दारावर चाचणी घ्या. मागून ऊन येतं तेव्हाची, टोपी-मास्क घातलेल्यांची नोंद वेगळी ठेवा. त्या काळात कुणालाही अडवू नका, फक्त खरे-खोटे इशारे मोजा. न जुळलेले चेहरे किती वेळात पुसले जातात, हे करारात लिहून घ्या. फुटलेला पासवर्ड बदलता येतो, चेहरा नाही.