फ्री केल्यावरही जुने आकडे का दिसतात?

प्रश्न : सी भाषेत मॅलॉकने (मेमरीत जागा मागणारे फंक्शन) दहा पूर्णांकांसाठी जागा घेतली, आकडे भरले आणि फ्री (ती जागा परत करणारे फंक्शन) केल्यानंतर त्याच पॉइंटरने, म्हणजे त्या जागेचा पत्ता ठेवणाऱ्या चलाने, ते पुन्हा छापून पाहिले. पहिले चार आकडे भलतेच आले, बाकीचे सहा जसेच्या तसे राहिले. फ्रीने जागा अर्धवटच मोकळी केली का? फ्रीनंतर पॉइंटरला नल (कोणताच पत्ता नसल्याची खूण) दिले की पुरते का?

उत्तर : जागा पूर्ण मोकळी झाली आहे, मात्र आतला मजकूर पुसणे हे फ्रीचे कामच नव्हे. हा तुकडा आता कोणालाही देता येईल एवढीच नोंद फ्री करते, आणि लिनक्सवरील जीलिबसी ही लायब्ररी मोकळ्या तुकड्यांची साखळी आणि नोंद राखण्यासाठी त्याच तुकड्याचे सुरुवातीचे बाइट वापरते. ६४-बिट यंत्रावर असे १६ बाइट, म्हणजे चार बाइटांचे चार पूर्णांक, त्यात खर्ची पडतात. आपले नेमके तेवढेच आकडे बिघडले. उरलेले सहा शाबूत राहिले हा निव्वळ योगायोग, कारण पुढचे मॅलॉक तीच जागा दुसऱ्या कामाला देऊ शकते. एरवी असा प्रोग्रॅम लगेच कोसळला तर बरे, कारण तो चालत राहिला तर चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

नल देण्याची सवय चांगली आहे, शिवाय नलवर पुन्हा फ्री केले तरी काही बिघडत नाही. पण नल मिळते ते एकाच चलाला. त्याच पत्त्याची प्रत दुसऱ्या फंक्शनकडे किंवा एखाद्या स्ट्रक्चरमध्ये (अनेक चलांचा एकत्र गट) असेल, तर ती जुनाच पत्ता धरून बसते. म्हणून कोणता तुकडा कोणी फ्री करायचा, हे कोड लिहितानाच ठरलेले असावे. लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येक घटक (नोड) आपल्या नेक्स्टमध्ये पुढच्याचा पत्ता ठेवतो अशी यादी, मोकळी करताना नोड आधी फ्री करून मग त्याच्याच नेक्स्टमधून पुढचा पत्ता वाचणे ही चूक तर फार जण करतात. पुढचा पत्ता आधी वेगळ्या चलात घ्यावा आणि मगच नोड सोडावा.

असे दोष नुसत्या डोळ्यांनी शोधू नयेत. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांत अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारे साधन आहे. ते सुरू करून आपलाच प्रोग्रॅम चालवल्यास चुकीचे वाचन कोणत्या ओळीत झाले, तो तुकडा कुठे फ्री झाला आणि मुळात कुठे घेतला होता, या तिन्ही जागा ते दाखवते.